जोडाची फट

मागच्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. दुपारी तीनचा टाइम, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मी दुकानात एका विहिरीवरच्या पंपाची मोटार खोलून बसलो होतो तर मागच्या खोलीतून 'टच्' असा बारीक आवाज आला. मी लक्ष दिलं नाही, टिनाचं छप्पर आहे, उन्हानं दिवसभर कुठं ना कुठं वाजतच राहते. मग अजून एक 'टच्', मग लगोलग दोन. हा आवाज टिनाचा नव्हता. हात पुसत आत गेलो आणि दारातच उभा राहिलो.

आठ फुटाच्या प्लायवूडवर मी चार महिने खपून मॉडेल रेल्वेचा जो ट्रॅक टाकला होता, तो मधोमध सरळ राहिला नव्हता. एका जागी दोन्ही रूळ मिळून डावीकडे फुगले होते, चांगले चार-पाच मिलिमीटर, आणि तिथले पाच स्लीपर फळीपासून उचकटून रुळासोबत आडवे सरकले होते. सोल्डरिंगचे दोन डाग तुटले होते. बोट लावलं तर रूळ नुसता गरम. खोलीतल्या थर्मामीटरवर 44.

माझं गाव दारव्ह्याजवळ, धंदा मोटार वाइंडिंगचा, आणि बाबा आमचे शकुंतला रेल्वेवर लाईन राखणाऱ्या गँगमध्ये होते, शेवटची बरीच वर्षं कीमन. आमच्याकडे चाबीवाला म्हणतात. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि तिकडून अचलपूरला अजून 76, अडीच फुटी छोटी लाईन. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनीपर्यंत न्यायला टाकलेली. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं. आता गाडी बंद आहे. काही ठिकाणी रूळ गवतात आहेत, बाभळी वाढल्यात, आणि आमच्याकडची पोरं ज्या वयाची झाली त्या वयात मी रोज तिच्या शिटीवर शाळेचा टाइम ओळखत होतो ते त्यांना सांगूनही समजत नाही. म्हणून मला ती बनवायची होती. गाडीच्या आधी लाईन, कारण आमच्या घरात रेल्वे म्हणजे लाईनच होती, इंजिन दुसऱ्यांचं.

आता कोणी म्हणेल की ट्रॅक विकत मिळतो, मग हातानं कशाला. त्याचं उत्तर गणितात आहे. मी माप धरलं 1:87, म्हणजे जगभर ज्याला एचओ म्हणतात ते. खऱ्या लाईनीची रुंदी 762 मिलिमीटर, भागिले 87, येतात पावणेनऊ. आणि एन गेज नावाच्या छोट्या मॉडेलांची चाकं, मोटारी, चेसिस सगळे 9 मिलिमीटरचे मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. युरोपात ह्याच जोडीला एचओई म्हणतात, तिकडं ऑस्ट्रियात 760 मिलिमीटरच्या लाईनी आहेत म्हणून. पण एन गेजचा रेडीमेड ट्रॅक घेतला की त्याचे स्लीपर बारीक आणि दाट, तो दिसतो मोठ्या लाईनीसारखा, लांबून पाहिलेल्या. शकुंतलेसारखा दिसतच नाही. आणि पुढंमागं मूर्तिजापूरचं यार्ड करायचं म्हटलं तर मोठी लाईन लागणार, आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 87 नं भागली तर सव्वाएकोणीस, आणि बाजारात एचओचा जो ट्रॅक मिळतो तो साडेसोळाचा, परदेशातल्या 1435 च्या लाईनीचा. आपल्या गाडीला तो अरुंद पडतो. म्हणजे आपल्या इकडची रेल्वे आपल्या मापात पाहिजे असंल तर हातानं बनवल्याशिवाय गत्यंतर नाही, छोटी असो की मोठी.

आणि खरं सांगायचं तर मला हातानंच बनवायचा होता.

सामान काही फार नाही. रूळ बाहेरून मागवले, निकेल सिल्व्हरचे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त. उंची 40 हजारांश इंच, म्हणजे एक मिलिमीटर आणि वर थोडं. 87 नं गुणलं तर 88 मिलिमीटर, छोट्या लाईनीचा हलका रूळ साधारण तेवढाच दिसायला पाहिजे. पाकिटातून तो पहिल्यांदा काढला तेव्हा उदबत्तीच्या काडीपेक्षाही नाजूक वाटला, पण भिंगाखाली धरला तर वर डोकं, मधे कंबर, खाली सपाट पाय, सगळा हुबेहूब रूळ. स्लीपरला कॉपर क्लॅड बोर्ड, ज्यावर सर्किट छापतात तेच, नागपूरहून आणलं. लाईनीवरचं एक स्लीपर टेप लावून मोजून आलो होतो, पाच फुटाच्या आसपास, म्हणून माझे स्लीपर साडेसतरा मिलिमीटर लांब आणि दोन-सव्वादोन रुंद. हेक्सॉ ब्लेडनं पट्ट्या कापायच्या, कानशीनं कडा मारायच्या, आणि प्रत्येक स्लीपरच्या मधोमध तिकोनी कानशीनं तांब्याला एक चीर द्यायची. ही चीर विसरलं की संपलं. ट्रॅकचे दोन रूळ म्हणजे करंटचे दोन टोक, स्लीपरवरचं तांबं दोघांना जोडून देते आणि थेट शॉर्ट. पावणेतीनशे स्लीपरांमधे एक चीर जरी अर्धवट राहिली तरी सगळी लाईन बंद, आणि कोणती ते शोधत बसा.

डाग देण्याचं काम मला नवीन नाही, वीस वर्षं तेच करून राहिलो. पण मोटारीच्या लीडला डाग देणं वेगळं आणि रुळाला वेगळं. स्लीपरला आधी पातळ कल्हई करून घ्यायची, रुळाच्या पायाला राळ लावायची, मग 25 वॅटच्या सोल्डरिंगचं टोक रुळाच्या बाहेरच्या अंगाला टेकवायचं आणि मनात दोन मोजायचे. कथील आधी गोळ्यासारखं उभं राहते, मग अचानक पाण्यासारखं पसरते आणि रुळाच्या पायाखाली शिरते, चकाकते, आणि टोक उचललं की एका क्षणात त्या चकाकीवर धुरकट साय येते. ती साय आली की डाग बसला. साय येण्याआधी हात हलला तर डाग वरून छान दिसते आणि आतून कच्चा राहते. मला हा क्षण फार आवडतो, साडेपाचशे वेळा पाहिला तरी कंटाळा आला नाही.

आधी एक रूळ पूर्ण लावून घ्यायचा, तो सरळ आहे याची खात्री करायची, मग दुसरा त्याच्या मापानं. मापाला यवतमाळच्या एका लेथवाल्या भाऊंकडून पितळेच्या सळईचं गेज करून घेतलं, दोन खाचा, रुळाची डोकी त्यात बसतात आणि आतलं अंतर बरोबर 9. असे तीन गेज. दोन लावून ठेवायचे, मधे डाग द्यायचा, तिसरा पुढं. बाबांकडं जे गेज असायचं ते खांद्यावर घेऊन चालावं लागायचं, माझं खिशात मावते, काम मात्र एकच.

एक गोष्ट मला करता करता समजली, की गेज लवकर काढायचं नसते. कथील थंड होताना आवळते आणि रुळाला थोडं ओढून घेते. गेज तिथं असलं तर रूळ जागेवर राहते, नसलं तर केसभर आत येते, आणि केसभर म्हणजे ह्या मापात पुष्कळ.

टेस्टिंगचं म्हणाल तर मी त्याला बनवण्याइतकाच वेळ दिला, उलट जास्तच. आधी मल्टिमीटरचा बझर लावायचा दोन रुळांत, वाजला नाही पाहिजे. मग डोळे मिटून रुळावरून नखाचं टोक न्यायचं, डोक्याच्या आतल्या कडेनं. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागते. मग एक जोडचाक, म्हणजे एका आसावरची दोन चाकं, नुसतंच, गाडी नाही काही नाही, फळीचं एक टोक दोन वह्यांवर उचलायचं आणि सोडून द्यायचं. ते जात असताना आवाज ऐकायचा. चांगल्या ट्रॅकवर जोडचाकाचा आवाज एकसारखा राहते, तांदूळ निवडताना सुपातून येते तसा सळसळ. कुठं 'टिक' झालं की तिथं खडूची खूण.

माझ्या पहिल्या फेरीत सोळा खुणा झाल्या. बहुतेक ठिकाणी कथिलाचा थेंब रुळाच्या आतल्या अंगाला चढला होता. रूळ मिलिमीटरभर उंच, चाकाची आतली कड, जी रुळाच्या आत लटकते आणि गाडीला धरून ठेवते, ती जवळपास तेवढीच खोल, म्हणजे थेंबाला जागाच नाही, चाक त्याच्यावर चढते. भिंग लावून, मोडक्या हेक्सॉ ब्लेडची छिन्नी करून ते थेंब खरवडले. तीन ठिकाणी गेज आवळलं होतं, तिथं डाग परत वितळवला. आणि एका जागेचं काही केल्या कळेना. गेज बरोबर, थेंब नाही, नखाला काही लागत नाही, तरी डबा दर चौथ्या-पाचव्या फेरीला तिथंच उतरायचा. शेवटी मोबाईल रुळाच्या पातळीला आडवा ठेवून स्लो मोशनमधे व्हिडिओ काढला. त्यात दिसलं, डबा तिथं आला की डोलते. एक रूळ किंचित खाली होता, कागदाच्या जाडीएवढा, आणि त्याच्याच पुढं वळण सुरू होत होतं. दोन्ही चुका वेगवेगळ्या जागी असत्या तर गाडीनं सहन केल्या असत्या, जवळ जवळ आल्या म्हणून उतरत होती. स्लीपरखाली सिगारेटच्या पाकिटाची चमकी घालून तो रूळ उचलला आणि मग तिथं शंभर फेऱ्या केल्या, मोजून, एकही नाही उतरली.

पॉइंट, म्हणजे जिथून गाडी एका लाईनीवरून दुसरीवर जाते ती जागा, एकच बनवला, त्यानं मात्र महिना घेतला. मराठीत त्याला सांधा म्हणतात आणि शब्द मला फार योग्य वाटते, सांध्यासारखाच तो दुखतेही. दोन रूळ कानशीनं घासून त्यांचं टोकदार नाक करायचं, त्याच्या दोन बाजूंनी चाकाची कड जायला फट, आणि समोरच्या रुळाला आतून अजून एक रुळाचा तुकडा. हा तुकडा कशाला तर चाक नाकाजवळ येते तेव्हा तिथं रूळ तुटलेला असते, त्याला धरणारं कोणी नसते, आणि ते चुकीच्या बाजूला जाऊ शकते. म्हणून त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाला पाठीमागून धरून ठेवायचं. म्हणजे धोका इकडं आणि पकड तिकडं. ज्यानं कोणी हे पहिल्यांदा शोधलं त्याच्या डोक्याला नमस्कार. ह्या फटी रुंद झाल्या तर चाक आत पडते, अरुंद झाल्या तर अडकते, आणि मधलं माप शोधायला मी तो तुकडा अकरा वेळा काढून परत लावला. नाकाला करंटसुद्धा वेगळा द्यावा लागते, पॉइंट ज्या बाजूला तिकडचा, ते एका टू-वे स्विचनं केलं, ते माझ्या रोजच्या धंद्यातलं.

तर हे सगळं झालं होतं. जानेवारीच्या शेवटी ट्रॅक पुरा झाला आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट कोणती होती माहीत आहे, त्याला जोड नव्हता. रूळ तीन-तीन फुटाचे येतात, मी ते टोकाला टोक भिडवून, डाग देऊन, घासून, असे एक केले होते की नखालासुद्धा जोड लागत नव्हता. आठ फूट सलग. गाडी अशी जायची जशी तेलावरून. दारव्हा मोतीबाग ते लाडखेड, शकुंतलेवरची दोन स्टेशनं, माझ्या फळीवर चाळीस सेकंद. मी बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खूप वेळ पाहिलं, आणि एवढंच विचारलं,

"आवाज काहून नाही येत इच्या चाकाचा?"

"जोडच नाही ठेवला बाबा. सलग आहे."

ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा पाहिलं आणि जेवायला गेले. मला वाटलं त्यांना आवडलं.

आणि मग मे महिना.

त्या दिवशी मी त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं. उठवायला नको होतं, पण मला दुसरं कोणाला बोलवावं हे सुचलंच नाही. ते आले, पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी लहानपणी पाहिलं होतं, ड्यूटीवर असतानाचं. काठी माझ्या हातात दिली आणि गुडघ्यावर बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. म्हटलं खुर्ची आणतो, तर हातानंच नाही म्हणाले. गाल फळीला टेकवला, एक डोळा मिटला आणि दुसरा रुळाच्या बरोबर पातळीत आणून टोकापर्यंत पाहिलं. गँगचे लोक असंच पाहतात, लांबून, खाली वाकून, कारण वरून सरळ दिसणारा रूळ खालून पाहिला की त्याचं सगळं वाकडंतिकडं समोर येते. मी तेवढा मोबाईल, स्लो मोशन, भिंग सगळं केलं होतं, असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"इथंच नाही फुगला," ते म्हणाले, "तिकडं दोन जागी फुगाच्या तयारीत हाय. हात लावून पाय."

हात लावला. खरंच, फळीच्या दुसऱ्या टोकाला एका बाजूनं रूळ ताणलेल्या तारेसारखा होता, बोटानं दाबला की उसळत होता.

"जागा नाही ठेवली तू याले. लोखंड उन्हाळ्यात वाढते, त्याले वाढाले जागा पाह्यजे. नाही भेटली तं ते आडवं जाते. आमी जोडात लायनर घालून फट ठेवत होतो. सकाळी थंडीत रूळ टाकला तं जास्त, भर दुपारी टाकला तं कमी. मुकादम रुळाले हात लावून सांगे, किती ठेवाची."

रात्री हिशोब करून पाहिला. निकेल सिल्व्हर एका मीटरला एका अंशानं साधारण 0.016 मिलिमीटर वाढते. मी टाकला तेव्हा खोलीत 18 होतं, त्या दिवशी 44, म्हणजे 26 चा फरक. आठ फुटाला एक मिलिमीटर. एकच! मला वाटलं एवढ्यानं काय होते. पण कागदावर काढून पाहा, दीड वीतभर लांबीच्या पट्टीत नुसता अर्धा मिलिमीटर जास्तीचा कोंबला आणि टोकं हलू दिली नाहीत तर मधला भाग किती बाहेर येईल, तर सात मिलिमीटरच्या वर. लांबीची छोटी वाढ आडवी निघाली की मोठी होऊन निघते. खऱ्या रुळाचंही तेच, 13 मीटरचा पोलादी रूळ 30 अंशाला साडेचार मिलिमीटर वाढते, आणि आपल्याकडच्या उन्हात रूळ तर हवेपेक्षाही जास्त तापते. म्हणून उन्हाळ्यात दुपारी लाईनीवर माणसं चालवतात पाहणीला.

वर माझी अजून एक चूक होती, प्लायवूड. आमच्याकडं मार्च-एप्रिलमधे हवा एवढी कोरडी होते की दाराच्या चौकटी सुटतात, लाकूड आकसते. म्हणजे रूळ वाढत होता आणि त्याच्या खालची फळी उलट लहान होत होती. आणि रात्री कुलर लावला की तीच फळी ओल धरायची. बिचाऱ्या डागांवर दिवसातून दोनदा ओढाताण.

बाबा पूर्ण नोकरीत आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या बीटवर रोज पायी चालले. जाताना एका रुळानं, येताना दुसऱ्या, हातात हातोडा, खांद्यावर पिशवी, निघालेली चाबी ठोकायची, सैल नट आवळायचा, जोड पाहायचा. लहानपणी मला वाटायचं की हे रोज काय पाहतात, रूळ काय पळून जाते. त्या दुपारी त्यांचा गाल माझ्या फळीला टेकलेला पाहिला तेव्हा मला ते काम पहिल्यांदा समजलं. रूळ खरंच जागचा हलते. रोज हलते, उन्हानं, पाण्यानं, गाडीनं, आणि कोणीतरी रोज त्याला परत जागेवर आणते म्हणून आपल्याला तो स्थिर वाटते. शकुंतला शंभर वर्षं चालली असं आपण म्हणतो तेव्हा मला आता त्या शंभर वर्षांतले चालणारे पाय दिसतात. कापसाचं, कंपनीचं, इंजिनाचं लोक लिहितात, लिहावं, पण त्या फटी कोणी मोजल्या त्याचं कोणी लिहिलेलं मला तरी वाचायला भेटलं नाही.

मी सगळा ट्रॅक काढला. पॉइंट तेवढा वाचला. फळीला दोन्ही बाजूंनी आणि कडांना ऑइल पेंटचे दोन-दोन हात दिले म्हणजे ओल जाणार-येणार नाही. पावसाळा जाऊ दिला, आणि मग थंडीत परत सुरुवात. ह्या वेळी तीन फुटाचा रूळ तीन फुटाचाच ठेवला. प्रत्येक तुकड्याच्या मधले चार स्लीपर फेविकॉलनं पक्के, बाकीचे नुसते गिट्टीत बसवलेले, म्हणजे तुकडा मधे धरलेला आणि दोन्हीकडं सरकायला मोकळा. जोडाला छोट्या पितळी पट्ट्या, एकाच बाजूला डाग, दुसरी बाजू सरकती. सरकत्या जोडावर करंटचा भरोसा नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर, वाइंडिंगची तार घरात किलोनं पडली आहे.

फट किती ठेवायची त्या दिवशी बाबांना बोलावलं. सकाळचे आठ, खोलीत 17. मी हिशोब करून ठेवला होता, तीन फुटाला अर्धा मिलिमीटरच्या आत. त्यांनी रुळाला दोन बोटं लावली, थोडा वेळ ठेवली, डोळे मिटून.

"थंडा हाय. चांगली ठेव."

दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक धरली, व्हर्नियरनं मोजली तर बरोबर अर्धा मिलिमीटर. तेच माझं लायनर. प्रत्येक जोडात कार्डं उभी घालायची, रूळ भिडवायचा, डाग द्यायचा, थंड झाला की कार्डं ओढून घ्यायची. बाबा शेजारी बसून कार्डं देत होते आणि परत घेत होते. आम्ही जास्त बोललो नाही, सगळे जोड व्हायला दोन तास लागले.

आणि गाडी सोडली तर आवाज आला. टक-टक, टक-टक. बारीक, पण आला. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता झाली शकुंतला."

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की आमच्या गावात हवेत रुई उडत राहते, ती खिडकीतून आत येते आणि इंजिनाच्या आसाला गुंडाळून बसते. दर आठ दिवसांनी चिमट्यानं काढतो, रूळ पुसतो. ही कटकट मला कटकट वाटत नाही. शकुंतलेच्या रुळावर कापूस पडणारच.

यंदाच्या 25 मेला नवतपा लागला त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. तीन वाजता बाबा स्वतःच उठून आले, मी बोलावलं नव्हतं. थर्मामीटरवर 45. एक कार्ड घेऊन आम्ही एकेक जोड पाहत गेलो, ते एका रुळानं, मी दुसऱ्या. जिथं थंडीत दोन कार्डं जात होती तिथं आता एकही जाईना, पण रूळ भिडलेला नाही, उजेडाला धरून पाहिलं की केसाएवढी रेघ दिसते. पहिला जोड, दुसरा, वळणावरचा, पॉइंटजवळचा. सगळे तसेच. नुसता लाडखेडकडच्या टोकाच्या जोडात कार्ड सहज शिरलं. बाबांनी ते दोनदा आत-बाहेर करून पाहिलं, मग खिशातला खडू काढला, तिथं फळीवर छोटी खूण केली आणि काठी घेऊन उठले.

"हा जोड उद्या पाहू. आज गरम हाय. गाडी जाऊ दे हळू."

मी कंट्रोलर चौथ्या भागावर ठेवला आणि गाडी सोडली.